अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल, बाबांची सही आणि २४ वर्षांपासूनचे डॉक्टर

पत्र मोठं होतं, थोडं कापून देतेय.

"ताई, मी पुण्यात, आईबाबा कराडला. बाबा ७१, रिटायर्ड शिक्षक, ३ वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीये. दोनेक वर्षांपूर्वी जेवण झालं की पोट गच्च आणि ढेकरा, म्हणून आमच्या फॅमिली डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटीची एक कॅप्सूल दिली, रोज सकाळी उपाशीपोटी. वर्षभरात बाबांचे दोन्ही हात थरथरायला लागले, पाय घासत चालायला लागले, चेहरा असा झाला की आई म्हणायची हे माझ्यावर रुसलेत का. बँकेत स्लिपवरची सही जुळेना, इतकी बारीक झाली. डॉक्टरांना तीनदा विचारलं, तिन्ही वेळा 'वय झालं आता सरांचं'. तिसऱ्यांदा कंपाची एक गोळी वाढवली, तिनं तोंड कोरडं आणि पोट साफ होईना, मग त्याचं आणखी एक औषध. शेवटी पुण्यात न्यूरोलॉजिस्टना दाखवलं. त्यांनी औषधांची पिशवी टेबलावर ओतायला सांगितली आणि ती कॅप्सूल बोटानं बाजूला सारली. ती बंद होऊन ७ आठवडे झाले, कंप निम्म्यावर आलाय. पण बाबा आता म्हणतात सगळं विषच आहे, ९ दिवस झाले एकही गोळी घेत नाहीत. भाऊ म्हणतो केस टाकू. आई म्हणते त्या डॉक्टरांनी रात्री दोनला घरी येऊन तुझ्या आजीला बघितलं होतं, वाईट बोलू नकोस. २४ वर्षांपासूनचे डॉक्टर आहेत आमचे. आता कुणावर विश्वास ठेवायचा? – एक लेक"

अगं, तुझ्या पत्रात कंपाबद्दल दोन पानं होती आणि ९ दिवस गोळ्या बंद याबद्दल एक ओळ, आणि मला ती एक ओळ वाचूनच घाम फुटला. म्हणून सदराची वाट न बघता तुला त्याच दिवशी मेल टाकली की आत्ताच्या आत्ता कार्डिओलॉजिस्टना फोन लाव. लावलास, आणि त्यांच्याशी बोलून बाबांनी हृदयाच्या गोळ्या परत चालू केल्या, हे कळलं तेव्हा कुठे मी चहा घेतला. तरी इथं परत लिहितेय कारण हे वाचणाऱ्यांत अजून चारदोन घरं अशी असतील जिथं एका औषधाच्या रागात सगळा डबाच कपाटावर गेलाय. अँजिओप्लास्टीत स्टेंट बसवलेल्या माणसानं रक्त पातळ ठेवायची गोळी आपल्या मनानं बंद करायची नसते, मेटोप्रोलॉलसारखी हृदयाचे ठोके आवरणारी गोळी तर एकदम सोडली की छातीत दुखणं उलटून येऊ शकतं. आणि राहिलेले डोस भरून काढायला दोनदोन घ्यायच्या नाहीत, डॉक्टर सांगतील तशाच. छातीत दुखलं, दरदरून घाम आला तर १०८, विचार करत बसू नका.

कंपाची जी गोळी वाढवली होती, नाव बघितलं मी फोटोत, ट्रायहेक्सिफेनिडिल, ती पण बाबांनी एकदम टाकून दिलीये. ती न्यूरोलॉजिस्टना कळव. कदाचित ते म्हणतील बरंच झालं, म्हाताऱ्या माणसांना तिनं तोंड कोरडं, लघवी तुंबणं, गोंधळल्यासारखं होणं हे होऊ शकतं, पण अशी गोळी सहसा हळूहळू कमी करतात, तेव्हा त्यांना माहिती हवं.

आता त्या कॅप्सूलबद्दल. नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही, २६ वर्षं आमच्या मेडिकलच्या काउंटरमागे उभी होते, फार्मसीची पदवी आहे, बस. तू पाठवलेल्या पानाच्या फोटोत २ औषधं आहेत. एक रॅबेप्राझोल २० मिलिग्रॅम, ते अ‍ॅसिड कमी करतं. दुसरं लेव्होसल्पिराइड ७५ मिलिग्रॅम. गोंधळ घातला तो या दुसऱ्यानं. लोकांना वाटतं अ‍ॅसिडिटीची गोळी म्हणजे अ‍ॅसिडिटीची गोळी, पण नावापुढे जे एल किंवा डी असं शेपूट असतं ना, तिथं खरी गंमत असते, बहुतेक कंपन्यांच्या पानावर एल म्हणजे लेव्होसल्पिराइड आणि डी म्हणजे डॉमपेरिडोन. हे शेपूट कुणी वाचत नाही. आमच्याकडं येणारी माणसं तर "ती लाल-पांढरी द्या" एवढंच म्हणायची.

हे औषध काम कसं करतं ते कळलं की बाबांचं काय झालं ते आपोआप कळतं. डोपामिन नावाचं एक रसायन आहे, ते पोटाची हालचाल मंद करतं. लेव्होसल्पिराइड डोपामिनची जागा अडवून धरतं, मग पोट लवकर रिकामं होतं, गच्चपणा जातो, ढेकरा थांबतात, माणूस म्हणतो वा काय औषध आहे. पण ते पोटापुरतं थांबत नाही, मेंदूतही जातं आणि तिथंही डोपामिनला अडवतं. आणि पार्किन्सनमध्ये नेमकं काय होतं? मेंदूतलं डोपामिन कमी पडतं. म्हणजे चांगल्या मेंदूच्या माणसाला औषधानं पार्किन्सनसारखं करून ठेवलं. कंप, मंदपणा, पाय घासणं, कोरा चेहरा, बारीक अक्षर, सगळं तेच. उतारवयात हे जास्त होतं आणि जितकं जास्त दिवस घ्याल तितका धोका जास्त. याची एक खूण असते, पार्किन्सन सहसा एका बाजूनं सुरू होतो, एक हात आधी आणि मग दुसरा, औषधाचं असेल तर बऱ्याचदा दोन्ही बाजूंना एकदमच. तू लिहिलंयस "दोन्ही हात". पण हा काही पक्का नियम नाहीये, म्हणून घरच्या घरी ठरवू नये.

सात आठवड्यांत कंप निम्म्यावर आला हे चांगलं लक्षण आहे. पण पूर्ण जायला काही महिने लागू शकतात आणि काही जणांचा थोडा राहतोही. आणि एक कटू गोष्ट आत्ताच सांगते, नंतर मला शिव्या देऊ नकोस, काही माणसांत खरा पार्किन्सन आतल्या आत सुरू झालेलाच असतो आणि औषध तो फक्त लवकर उघडा पाडतं. सहा-आठ महिन्यांनीही कंप उरलाच तर न्यूरोलॉजिस्ट ट्रोडॅट नावाचा स्कॅन सांगू शकतात, त्यात मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी शाबूत आहेत का ते दिसतं. आत्ता लगेच धावू नका, त्यांना ठरवू दे.

अजून एक, कॅप्सूल बंद केली की पोट बंड करतं. रॅबेप्राझोलसारखं औषध बरेच महिने घेऊन सोडलं की काही आठवडे अ‍ॅसिड उलट उसळून येतं, छातीत जळजळतं, आणि मग बाबाच म्हणतील "तीच बरी होती, आण एक पान". आणू नका. शिवाय अ‍ॅस्पिरिन चालू आहे म्हणजे पोटाला संरक्षण लागेल कदाचित, ते साध्या, शेपूट नसलेल्या गोळीनं होतं. कार्डिओलॉजिस्टना विचार.

आता तुझा मूळ प्रश्न, तो टाळत नाहीये मी, पण त्याआधी माझं एक पाप सांगायचंय.

आमच्याकडं एक मुलगी यायची, तिशीतली, शाळेत नोकरीला. दर महिन्याला ही असलीच एक कॅप्सूल, एल शेपटाची, दोन पानं. एकदा त्याच बिलात प्रेग्नन्सी किट घेतलं. पुढच्या महिन्यात परत दोन पानं आणि किट. तिसऱ्या महिन्यात किट घेताना ती म्हणाली "काकू, रेषा एकच येते पण पाळी येत नाही हो", आणि मी काय म्हणाले माहितीये? टेन्शन घेऊ नकोस. एकाच बिलावर दोन ओळी एकाखाली एक, मीच टाइप केलेल्या, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला नाही! प्रोलॅक्टिन म्हणजे अंगावर दूध आणणारं हार्मोन, डोपामिन त्याला धरून ठेवतं, डोपामिन अडवलं की प्रोलॅक्टिन वाढतं, पाळी चुकते, कधी बाळ नसताना दूध येतं. फार्मसीत शिकवलेलं असतं हे. तिच्या गायनॅकनं तपासणी केली, विचारलं काय काय घेतेस, कॅप्सूल बंद झाली आणि पाळी आली. ती पेढे नाही पण हे सांगायला दुकानात आली, रागावली पण नाही, त्याचंच मला जास्त लागलं.

हे का सांगतेय, तर तुमच्या डॉक्टरांचं काय झालं असेल ते मला आतून माहितीये. हे औषध सगळ्यांच्या डोक्यात "पोटाचं" या कप्प्यात असतं, आणि कंप हा "म्हातारपण" या कप्प्यात, आणि ७०-८० पेशंटच्या ओपीडीत दोन कप्पे एकत्र उघडत नाहीत. पहिल्यांदा नाही सुचलं, मी समजू शकते. पण तीनदा? आणि तिसऱ्यांदा गोळी वाढवताना तरी आधीची चिठ्ठी डोळ्यांखालून घालायला काय लागतं! औषधाचा त्रास, त्या त्रासावर औषध, त्या औषधाच्या त्रासावर तिसरं, ही आगगाडी कुणीतरी थांबवायची असते आणि इंजिनात तेच बसले होते. तेव्हा तुझा राग खोटा नाहीये, तो आईनं दाबायला सांगितलाय म्हणून दाबू नकोस. आणि आजीसाठी रात्री दोनला आले होते हेही खोटं नाही. दोन्ही एकाच माणसानं केलेलं आहे, आणि तुझी झोप त्यानंच उडालीये असं मला वाटतं, नुसते वाईट असते तर तू केव्हाच मोकळी झाली असतीस.

पण एक काम कर, पहिली चिठ्ठी शोध. कॅप्सूल किती दिवस लिहिली होती? १५ दिवस लिहिली असेल तर पुढचे महिने कुणी दिले? हे औषध शेड्यूल एचमधलं, चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही असा नियम, आणि प्रत्यक्षात काय होतं तर गिऱ्हाईक रिकामं पान काउंटरवर ठेवतं आणि आम्ही तसंच भरलेलं पान पुढे सरकवतो. मी सरकवलीयेत. तेव्हा डॉक्टर, मेडिकलवाला आणि स्वतः बाबा, तिघांचा हिशोब होईल कदाचित. तीनदा ऐकून न घेण्याचा हिशोब मात्र एकट्या डॉक्टरांचा.

माझं म्हणणं, त्यांना सोडायचं की नाही हे तू आत्ता घरात बसून ठरवू नकोस, एकदा जाऊन भेट आणि त्यांना ठरवू दे. म्हणजे कसं? एका कोऱ्या कागदावर नुसत्या तारखा लिही. कॅप्सूल कधी सुरू, कंप पहिल्यांदा कधी दिसला, बँकेतला प्रकार कधी, डॉक्टरांना कधी कधी विचारलं, दुसरी गोळी कधी, कॅप्सूल बंद कधी, कंप कमी कधी. मेडिकलवाल्याच्या कॉम्प्युटरवर बाबांच्या नावानं बिलं असतील, माग, त्यात तारखा मिळतात. विशेषणं एकही लिहू नकोस, "निष्काळजीपणा" वगैरे नको, तारखाच पुरे बोलतात. मग ओपीडी संपतानाची वेळ घे, दुपारी दीड-दोन, कंपाउंडरला सांगून ठेव की पाच मिनिटं जास्त लागतील. आईला ने, भावाला नेऊ नकोस, तो दारातच सुरू होईल. कागद समोर ठेव आणि म्हण, "डॉक्टर, आम्ही तीनदा विचारलं होतं, तुम्ही वय म्हणालात. ही कॅप्सूल बंद केल्यावर बाबांचा हात थांबत चाललाय. तुम्हाला काय वाटतं?" आणि गप्प बस. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड आहे, आईला पण सांगून ठेव, नाहीतर ती मध्येच म्हणेल "तुमचं काही चुकलं नाही हो डॉक्टर".

ते कागद हातात घेऊन वाचतात का ते बघ. वाचून म्हणाले की हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, बाबांचा पेपर काढून त्यावर लाल पेनानं लिहिलं, न्यूरोलॉजिस्टचा नंबर मागितला, तर माझ्या मते असा डॉक्टर ठेवण्यासारखा आहे, उलट इथून पुढे तो प्रत्येक म्हाताऱ्या पेशंटची पिशवी ओतायला लावेल. आणि "तुम्ही नेटवर वाचून येता", "सगळ्याच औषधांना साइड इफेक्ट असतात", "पुण्याचे डॉक्टर काय सांगतील ते करा मग", असं आलं तर उठा, नमस्कार करा, आजीसाठी आभार माना मनापासून, आणि कागदपत्रं घेऊन बाहेर या. भांडण नको. उत्तर मिळालंय तुला. तिसरा पण एक प्रकार असतो, माणूस नुसता गप्प होतो, डोळे खाली, चार इकडचं तिकडचं बोलतो. कोर्टकचेरीच्या भीतीनं पुष्कळ डॉक्टर सॉरी म्हणायला घाबरतात. अशा वेळी आठ दिवस थांब, फोन करून बाबांची चौकशी करतात का बघ.

भावाच्या केसबद्दल. औषधाचा साइड इफेक्ट झाला एवढ्यावर डॉक्टर दोषी ठरत नाही, हलगर्जीपणा दाखवावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा दुसऱ्या तज्ज्ञाच्या मतानं दाखवावा लागतो. सुप्रीम कोर्टानं १९९५ सालीच पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते असं म्हटलंय, त्यामुळे ग्राहक आयोगाचा दरवाजा आहे, मुदत २ वर्षांची. वागणुकीची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं करता येते. दरवाजे आहेत, पण जायचंच असेल तर चांगल्या वकिलाशी बोलून आणि बाबांना विचारून, कारण कराडातून तारखांना त्यांनाच बसवून न्यावं लागेल. मला विचारशील तर आत्ता बाबांची ताकद चालायला वापरू दे. कागद मात्र सगळे जपून ठेवा, चिठ्ठ्या, बिलं, ते कॅप्सूलचं पान बॅच नंबरसकट.

एक गोष्ट मात्र कराच आणि ती केसपेक्षा सोपी आहे. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद सरकारकडं करता येते, पेशंट किंवा घरचे स्वतः करू शकतात, डॉक्टरच हवा असं नाही. भारतात २०१० पासून त्याचा कार्यक्रम आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडं सगळ्या नोंदी जातात. टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी, ऑफिसच्या वेळेत. फॉर्म मराठीतही आहे. नाव गुप्त राहतं आणि ही डॉक्टरविरुद्धची तक्रार धरत नाहीत, हे आईला मुद्दाम सांग, म्हणजे तीच भरायला बसेल. मी २६ वर्षांत असे फॉर्म किती भरले विचारू नकोस.

बाबांकडं येते. त्यांना "गोळ्या घ्या हो" म्हणून काही होणार नाही, मास्तर आहेत ते, त्यांना कारण लागतं. पिशवी त्यांच्यासमोर ओता आणि एकेक पान उचलून त्यांनाच वहीत लिहू दे, हे कशासाठी, कुणी दिलं, किती दिवस. ज्याच्यापुढे "माहीत नाही" येईल ते पुढच्या भेटीत विचारायचं. त्यांच्याकडं कार्डिओलॉजिस्ट वेगळे, घरचे डॉक्टर वेगळे, गुडघ्याला दाखवलं ते वेगळे, आणि सगळी औषधं एकत्र बघितलेला माणूस दोन वर्षांत एकच निघाला, तोही पुण्यात. तेव्हा घरचे डॉक्टर हेच राहोत की दुसरे येवोत, सहा महिन्यांतून एकदा पिशवी ओतणारा एक माणूस गावात हवा.

आणि एक चिठ्ठी करून बाबांच्या पाकिटात ठेव, आधार कार्डामागे. वर लिही, "औषधामुळे पार्किन्सनसारखा त्रास झाला होता". खाली नावं: लेव्होसल्पिराइड, मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन, फ्लुनारिझिन. न्यूरोलॉजिस्टकडून एकदा तपासून घे, ते अजून एखादं वाढवतील. यातली पहिली दोन पोटाची-उलटीची, तिसरं उलटी आणि चक्करचं, सिनारिझिन चक्करचं, शेवटचं मायग्रेनचं, आणि सगळी इतकी सर्रास दिली जातात की प्रवासात उलटी झाली म्हणून रस्त्यावरचा कुठलाही दवाखाना इंजेक्शन टोचून मोकळा होईल. बाबा तेव्हा बोलण्याच्या अवस्थेत नसतील, पाकीट बोलेल.

सहीचं राहिलं. जुन्या डायरीत दर रविवारी चहानंतर त्यांना एकदा सही करायला लाव, शेजारी तारीख, आणि "सौभाग्यवतीस" म्हणून एक ओळ, काय वाट्टेल ते. पहिल्या पानावर त्यांची जुनी, शाळेच्या रजिस्टरमधली मोठी सही चिकटव, मस्टरची झेरॉक्स असेल कुठेतरी. न्यूरोलॉजिस्टना ती डायरी कुठल्याही रिपोर्टइतकी उपयोगी पडेल. आणि दोन महिन्यांनी मला त्यातल्या आठव्या रविवारचा फोटो पाठव.